आधी कंपनीचे गेट, मग खोली

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आयटीआयतून आणि रोजगार मेळाव्यांतून निवड झालेली आपल्या यवतमाळ भागातली मुले पुण्याला जातात आणि त्यांतल्या बऱ्याच जणांची पहिली खोली नगर रोडवरच्या वाघोलीत नाहीतर चंदननगरात असते. कारण साधे आहे. इकडची ट्रॅव्हल्स नगर रोडने पुण्यात शिरते, पहाटे तिथे उतरवते, आणि गावचा कोणीतरी आधीपासून तिथे राहत असतो. काम जवळच्या खराडीला असेल तर वाघोली बरी. पण कंपनी हिंजवडीला किंवा चाकणला असेल, तर नगर रोडवरची स्वस्त खोली शेवटी महागच पडते. गावी पोळ्या-दिवाळीला यायचे, कंपनीत रोज जायचे. शिवाय बऱ्याच ट्रॅव्हल्स पुढे पिंपरी-चिंचवडपर्यंत जातातच.

हिशेब करून पाहावा. वाघोली ते हिंजवडी एका बाजूने तीस किलोमीटरच्या वर आहे. रोजचे साठच धरले, महिन्याला २६ दिवस धरले आणि मोटारसायकल लिटरला ५० देते असे मानले, तरी तीस लिटरहून जास्त पेट्रोल लागते, म्हणजे तीन हजारांच्या वर रुपये. भाड्यात वाचवलेले दीड-दोन हजार त्यातच गेले. वाकडचा पूल, भूमकर चौक, हिंजवडीचा शिवाजी चौक इथे रोज अडकून जाणारा वेळ वेगळाच.

म्हणून पहिले काम घरूनच करायचे. ऑफर लेटरवर नुसते ‘पुणे’ असेल तर प्लांटचा पूर्ण पत्ता आणि नकाशावरचे लोकेशन मागवून घ्यावे. रांजणगाव एमआयडीसी पुणे शहरापासून पन्नासेक किलोमीटरवर, शिरूर तालुक्यात आहे. चाकणचा पट्टा खेड तालुक्यात मोडतो आणि तोही लांबच लांब पसरलेला. खालुंब्रे, सावरदरीकडच्या कंपन्या तळेगाव रस्त्याच्या अंगाला आहेत. म्हाळुंगे नावाची गावेही दोन आहेत, एक बालेवाडीला लागून आणि दुसरे, महाळुंगे इंगळे, चाकणजवळ. चुकीच्या म्हाळुंग्यात डिपॉझिट अडकले की सोयाबीन विकून दिलेला पैसा सहजी परत येत नाही.

पत्ता कळला की परिसर बराचसा आपोआप ठरतो. चाकणसाठी चाकण, मोशी, भोसरी, राजगुरुनगर. रांजणगावसाठी कारेगाव किंवा शिक्रापूर. हिंजवडीसाठी मारुंजी, ताथवडे, पुनावळे, वाकड. यांत वाकड महाग. तळेगावच्या कंपन्यांना पुणे-लोणावळा लोकल उपयोगी पडते, आकुर्डी आणि देहूरोड तिच्यावरच आहेत. पण दुपारच्या वेळी लोकलमध्ये मोठा खंड पडतो आणि स्टेशनपासून एमआयडीसी लांब आहे, तेव्हा दुसऱ्या शिफ्टवाल्याने तिच्यावर विसंबू नये. होऊ घातलेल्या मेट्रोचे नाव सांगून कोणी भाडे वाढवून मागत असेल तर सरळ नाही म्हणावे. चालू झालेली मेट्रोच तेवढी धरायची.

कारखान्यातली नोकरी असेल तर खोलीच्या आधी कंपनीच्या बसचा रूट विचारावा: थांबे कोणते, आणि तिन्ही शिफ्टना बस आहे का. ठेकेदाराकडून लागलेल्यांना किंवा ट्रेनींना बसमध्ये बसू देतात का, हे मुद्दाम विचारावे. बऱ्याच ठिकाणी देत नाहीत आणि मुलाला ते रुजू झाल्यावर कळते. मुलींनी रात्रीची गाडी खोलीच्या दारापर्यंत येते की चौकात सोडते, तेही विचारून घ्यावे.

फोनवर फोटो पाहून टोकन पाठवू नये. आधी आठ-दहा दिवस कंपनीजवळ कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतल्या एका खाटेपुरते भाडे देऊन, राहावे आणि तेवढ्यात खोल्या पाहाव्यात. पसंत पडलेल्या खोलीपासून गेटपर्यंत एकदा शिफ्टच्या वेळेला जाऊन पाहावे, तेही कामाच्या वारी. रविवारी सगळेच जवळ वाटते.

पाणी ही पुण्यातली खरी परीक्षा. पिंपरी-चिंचवड महापालिका २०१९ च्या नोव्हेंबरपासून दिवसाआड पाणी देते. वाघोली २०२१ मध्ये पुणे महापालिकेत आली, तरी तिथल्या पुष्कळ सोसायट्यांची भिस्त टँकरवरच आहे. घरमालक ‘चोवीस तास पाणी’ म्हणतो तेव्हा ते टाकीतले असते. टाकीत कुठून येते ते विचारायचे. नळाचे, बोअरचे की टँकरचे? टँकरचे पैसे मेंटेनन्समध्ये धरले आहेत की उन्हाळ्यात वेगळी वर्गणी काढतात? हे मालकाला नाही, शेजारच्या बाईंना विचारावे. नळाच्या तोटीवर आणि बादलीच्या कडेला पांढरा थर दिसला की पाणी बोअरचे जड आहे असे समजावे. डाळ शिजत नाही, प्यायला जार घ्यावे लागतात आणि तो खर्च भाड्यातच मोजायचा. वरच्या मजल्याची किंवा पत्र्याची खोली स्वस्त मिळते. ऊन आपल्याला नवे नाही, पण रात्रपाळी करून दुपारी पत्र्याखाली झोप लागत नाही. छताच्या कोपऱ्यात ओल उतरल्याचे पिवळे डाग पाहून घ्यावेत.

आता करारनामा. ‘अकरा महिन्यांचा आहे, नोंदणीची गरज नाही’ हे महाराष्ट्रात खरे नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे आणि ती जबाबदारी मालकाची आहे. खर्चही फार नाही. नऊ हजार भाडे आणि वीस हजार डिपॉझिट असेल तर अकरा महिन्यांच्या करारावर ०.२५ टक्के दराने मुद्रांक शुल्क अडीचशे रुपयांच्या आसपास येते. नोंदणी फी शहरी हद्दीत १,००० आणि ग्रामीण हद्दीत ५०० रुपये. ऑनलाइन नोंदणीत आधारवर अंगठा लावून घरबसल्या काम होते. एजंट याहून बरेच जास्त सांगत असेल तर वरचे पैसे कशाचे ते विचारावे. डिपॉझिट बँकेतून किंवा यूपीआयनेच द्यावे आणि तोच आकडा करारात आहे ना ते पाहावे. खोली सोडताना रंगाचे म्हणून महिन्याचे भाडे कापण्याची चाल आहे. कापणार की नाही आणि किती, हे आधीच लिहून घ्यावे. विजेचे मागचे बिल भरल्याची पावती पाहावी, आणि सबमीटर असेल तर त्याच्या आकड्याचा फोटो काढून ठेवावा.

हाच नोंदणीकृत करार पुढे आरटीईतून (शिक्षण हक्क कायद्याखाली) मुलांच्या शाळाप्रवेशाला आणि गॅसजोडणीला लागतो. तोवर पाच किलोचा छोटा सिलिंडर पत्त्याच्या पुराव्याशिवाय, नुसत्या ओळखपत्रावर मिळतो. अंत्योदय किंवा प्राधान्य गटाचे रेशन कार्ड गावचे असले तरी आधार जोडलेले असल्यास पुण्याच्या दुकानात चालते. नाव कमी करून घ्यायची घाई करू नये.

आपल्याला एक विनंती. रोजगार मेळाव्याच्या बातम्या छापताना कंपनीच्या नावापुढे नुसते ‘पुणे’ न लिहिता प्लांटचे गाव आणि तालुका छापावा. मेळावा भरवणारे ही माहिती कंपन्यांकडून मागून सहज देऊ शकतील.

आपले,
दारव्हा तालुक्यातील काही वाचक
(जि. यवतमाळ)