मास्टरजी, घेर एकसारखा आला!

आदरणीय मास्टरजी,
स. न. वि. वि.

मिजचा ड्रेस तयार झाला. मिज ही ‘द मार्व्हलस मिसेस मेझल’ या मालिकेची नायिका; ती मालिका तुम्ही पाहिलेली नाही. तरी फोटो मोठा करून तुम्ही पहिला प्रश्न विचारलात तो नेमका होता: एवढा घेर आतून कशानं धरलाय? पुढचं सगळं काम त्या प्रश्नामुळेच सुटत गेलं, म्हणून हे जाहीर आभार. इथल्या गांधीबाग-इतवारीच्या बाजारात कापड शोधत फिरणाऱ्या बाकीच्या हौशींनाही उपयोग व्हावा म्हणून मापांसकट लिहितो आहोत.

मालिकेची गोष्ट १९५८च्या न्यूयॉर्कमध्ये सुरू होते. डोना झाकोव्स्का यांनी मिजसाठी केलेले बरेच ड्रेस त्याच काळाच्या घाटाचे आहेत: वर अंगाबरोबर बसणारा भाग, बारीक कंबर, खाली भरपूर घेर. लेहंग्याचं पॉलिएस्टर सॅटिन तुम्ही बाजूला सारलंत ते बरं झालं. नागपूरच्या मे महिन्यात ते अंगावर ठेववत नाही, आणि टीप उसवली की सुईची भोकं तशीच राहतात. जॉर्जेट तर फुगतच नाही, नुसतं लोंबतं. ४४ इंच पन्ह्याचं कॉटन सॅटिन साडेचार मीटर लागलं. धुतल्यावर आटतं म्हणून पाव मीटर जास्त घ्यायचं, आणि कापायच्या आधी धुवायचंच.

आता कंबरेचं गणित, कारण बहुतेकींचा ड्रेस इथेच बिघडतो. घेर पूर्ण वर्तुळाचा आहे, मधल्या भोकाची कंबर होते. तयार कंबर २८ इंच हवी तर २८ भागिले ६.२८ (म्हणजे दोन पाय), साधारण साडेचार इंच त्रिज्या. पण ही रेघ टिपेची आहे, कात्रीची नाही. साडेचारावर कापून अर्धा इंच दाब (शिलाईत जाणारी कड) घेतला की टीप पाच इंचांवर पडते आणि कंबर ३१ इंचांच्या पुढे जाते. मग चुण्या घालून ती बसवावी लागते, आणि गुळगुळीत घेराची सगळी मजा जाते. तुम्ही चारावर कापायला लावलंत, आणि कापल्याबरोबर, कापड उचलायच्याही आधी, दाबाच्या आत एक साधी टीप मारायला लावलीत. गोल कापलेली कड उरेबात, म्हणजे धागा तिरका येतो तिथे, ताणली जाते. ती टीप नसती तर नुसत्या हाताळण्यानेच कंबर वाढली असती.

२७ इंच उंचीसाठी बाहेरची त्रिज्या ३३ इंच धरली. त्यात अर्धा इंच खालच्या दाबाचा आणि एक इंच पुढे कड सारखी करायला. अशी दोन अर्धवर्तुळं लांबीत एकापुढे एक मांडली की १३२ इंच, म्हणजे ३.३५ मीटर कापड जातं. उरलेल्यात वरचा भाग आणि आखूड बाह्या निघतात.

वरच्या भागाला तुमचा ब्लाउजचा हात कामी आला. आधी मांजरपाटाचा नमुना, त्यावर फिटिंग. छातीत अडीच इंच सैल, कंबरेत फक्त एक. मुंढा (बाही जोडायचा गोल) मात्र तुम्ही खोल करू दिला नाहीत. ‘सैल हवं’ म्हणून मुंढा उतरवला तर हात वर करताच अख्खा ड्रेस वर चढतो; काखेजवळ नीट बसलेला मुंढा हात मोकळा ठेवतो. बोटनेक पुढे उघडा पडत होता. तिथला पाव इंच चिमटीत धरून तुम्ही तो खालच्या टक्समध्ये (फिटिंगसाठी घातलेल्या टोकदार चिमट्यांत) वळवलात. टक्स छातीच्या टोकाच्या एक इंच अलीकडे थांबवायचे आणि टोकाशी उलटी टीप न मारता दोऱ्याला गाठ द्यायची. उलट्या टिपेने तिथे फोड आल्यासारखं दिसतं.

आणि कंबरेची आतली पट्टी! हे या पत्राचं खरं कारण. एवढ्या घेराचं वजन चेनवर आणि खांद्यांवर येतं, पाठ खाली ओढली जाते. एक इंच रुंद, न ताणणारी विणलेली रिबन तयार कंबरेच्या मापाची कापून आतून बाजूच्या शिलायांना आणि टक्सना हाताने टाचली. चेनजवळ दोन्ही टोकं मोकळी, त्यांना हूक. आधी हूक लावायचं, मग चेन ओढायची. वजन रिबनवर जातं आणि चेन कंबरेच्या जोडावर अडकत नाही. बाहेरून यातलं काहीच दिसत नाही, त्यामुळे तयार ड्रेसमध्ये हेच सगळ्यात आधी गाळतात.

“आधी लटकवा, मंग कापा,” असं तुम्ही खालच्या कडेबद्दल म्हणालात. ड्रेस दोन दिवस हँगरवर ठेवल्यावर उरेबाच्या चारही जागा खाली उतरल्या होत्या. माप कंबरेपासून खाली घ्यायचं नाही. ड्रेस अंगावर, पायात नेहमीची चप्पल, आणि जमिनीपासून वर पट्टी धरून खडूच्या खुणा. साडीचा फॉल इथे चालत नाही: तो सरळ कापलेला असतो, गोल कडेला चुरगळतो. पिकोनेही कड ताणली जाऊन लाटा येतात. इंचभराची उरेब पट्टी, सुमारे ५ मीटर, लावून हाताने हेमिंग केलं. कंटाळवाणं काम आहे, पण दुसरा मार्ग नाही.

आतल्या परकराला लग्नाच्या लेहंग्याची कॅन-कॅन जाळी चालते. कंबरेपासून ७-८ इंच साधं सुती कापड आणि जाळी त्याखाली, नाहीतर कंबरच फुगते. जाळी टोचते म्हणून आतून केंब्रिकचं अस्तर. परकर ड्रेसपेक्षा दीड इंच आखूड.

मांजरपाटाचा नमुना तुमच्याकडेच राहू द्या. पुढच्या ड्रेसला बाजूची चेन घ्यायची आहे, तेव्हा डावी शिलाई त्यावरच उसवून बघू. शिलाईचे पैसे तुम्ही घेतले नाहीत. पुढच्या वेळी ऐकून घेणार नाही.

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा.

आपल्या,
शिवणवर्गातल्या सगळ्या जणी, नागपूर