चेरीचे खड्डे घेण्याआधी

नाशिक,
अक्षय्य तृतीया

प्रिय मित्रा,

तुझं पत्र पोचलं. मखमलाबादच्या घरामागची जागा साफ करून घेतली आहे. बोरीचं काटेरी रान निघालं, पाण्याची पाइपही कुंपणापर्यंत आली. पण तू सांगितलेस ते चेरीचे दोन खड्डे मात्र घेतलेले नाहीत. गडी कुदळ घेऊन उभा होता, मीच त्याला थांब म्हटलं. का, ते फोनवर नीट सांगता आलं नसतं, म्हणून लिहितोय.

गेल्या जूनमध्ये लेकीकडे हॅम्बुर्गला शेजाऱ्यांच्या परसातल्या झाडाखाली नात लाल तोंडाने उभी आहे, तो फोटो तू पाठवला होतास. तेच झाड तिच्या आजोबांच्या घरीही असावं, ही इच्छा मला पूर्ण समजते. पण ते झाड नाशिकला फळणार नाही. रोप कदाचित जगेल, दोन-चार वर्षं पानं धरेल, आणि दर वर्षी तू फुलांची वाट पाहशील. तसं व्हायला नको म्हणून एवढा आग्रह.

गोड चेरीला हिवाळ्यात साधारण ८०० ते १,२०० तास सात अंशांच्या खालची थंडी लागते. हे तास सलग नकोत, पण बेरीज भरावी लागते. पुढच्या वर्षीच्या फुलांचे डोळे झाड आदल्या उन्हाळ्यातच तयार करतं. पानगळ झाली की ते डोळे सुप्त होतात, आणि पुरेशी थंडी खाल्ल्याशिवाय जागे होत नाहीत. थंडी कमी पडली तर काही डोळे उशिरा फुटतात, काही तसेच गळून पडतात. फूल आलंच तर स्त्रीकेसर खुरटलेलं असतं आणि फळ धरत नाही.

तू निफाडचं नाव काढशील, ते ठाऊक आहे. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर पारा पाच-सहा अंशांवर आला की पेपरात बातमी येते, आणि आपण शेकोटीपाशी बसून ती वाचतो. पण तो पारा पहाटेच्या दोन-तीन तासांचा असतो. दुपारी त्याच निफाडला अंगातला स्वेटर काढावा लागतो. रात्री जमा झालेली थंडी दुपारचं ऊन बरीचशी पुसून टाकतं. अशा रात्री तरी हिवाळ्यात किती? त्यातून शेकड्यांचा हिशेब भरत नाही.

मग द्राक्षं कशी आली, हा तुझा पुढचा प्रश्न, आणि तो रास्त आहे. द्राक्षवेलसुद्धा थंड मुलखातलीच. पण तिची थंडीची गरज मुळात थोडी, आणि आपल्याकडे ती खऱ्या अर्थाने सुप्त होतच नाही. आपण तिला वर्षातून दोनदा छाटतो. एप्रिलमधल्या खरड छाटणीनंतर काडी तयार होते, तिच्या डोळ्यांत घड धरतो, आणि ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर तो बाहेर येतो. डोळे एकसारखे फुटावेत म्हणून छाटणीनंतर हायड्रोजन सायनामाइडचं पेस्टिंगही करतो, म्हणजे ते औषध डोळ्यांवर लावतो. थंडीची उणीव कात्रीने आणि औषधाने भरून काढायची ही पद्धत बसायला आपल्या लोकांच्या कितीतरी वर्षांची मेहनत लागली. चेरीची फळं जुन्या लाकडावरच्या आखूड फळकाड्यांवर येतात, त्याच काडीवर वर्षानुवर्षं. ती काडी छाटून पुन्हा नव्याने घड मागता येत नाही. म्हणून द्राक्षाची युक्ती तिथे चालत नाही.

सफरचंदाचंही तू विचारलंस. हिमाचलातल्या बिलासपूर जिल्ह्यात हरिमन शर्मांनी एचआरएमएन-९९ ही कमी थंडीत फळणारी जात निवडून काढली, २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, ते अगदी खरं. चेरीतही तसा प्रयत्न झाला आहे. कॅलिफोर्नियात मिनी रॉयल आणि रॉयल ली अशा दोन जाती निघाल्या, एकमेकींचं परागीभवन करणाऱ्या. पण त्यांनाही २०० ते ३०० तास थंडी हवीच, आणि नाशिक तेवढीही देत नाही. शिवाय आपला एप्रिल-मे आहेच. फुलांचे डोळे घडत असताना कडक ऊन लागलं तर पुढच्या वर्षी जुळी फळं निघतात, हे उष्ण भागातल्या चेरी बागांना चांगलं माहीत आहे. आणि घरामागची ती काळी जमीन! पावसाळ्यात तिच्यात पाणी साचतं, आणि साचलेलं पाणी चेरीच्या मुळांना मुळीच सोसत नाही.

एक सावधगिरी. ‘चेरीचं रोप, कोणत्याही हवामानात फळ’ अशी जाहिरात तू कापून पाठवलीस. रोप मागवण्याआधी पानांचा जवळून काढलेला फोटो माग. गोड चेरीचं पान कडेने करवतीसारखं दातेरी असतं, आणि देठावर, पातं सुरू होतं तिथे, दोन बारीक लालसर गाठी असतात. पानं फांदीवर एकाआड एक येतात. समोरासमोर, गुळगुळीत कडेची पानं दिसली तर ती बहुधा बार्बाडोस चेरी, ते वेगळंच झाड. तिच्याकडे मी येणारच आहे.

आता जे खरंच करण्याजोगं आहे ते. गोड चेरी लाव, पण लेकीच्या घरामागे. हॅम्बुर्गच्या शेजारीच, एल्बे नदीकाठी, आल्टेस लांड हा फळबागांचा मोठा पट्टा आहे. तिथल्या योर्क गावच्या संशोधन केंद्रातूनच रेजिना ही उशिरा पिकणारी, पावसात कमी तडकणारी जात निघाली. फक्त रेजिनाला परागासाठी दुसऱ्या जातीचं झाड जवळ लागतं. लेकीची जागा लहान आहे, तेव्हा एकटीच फळणारी जात घ्यावी: लापिन्स किंवा सनबर्स्ट. स्टेला ही त्यातली जुनी, कॅनडातल्या समरलँडला तयार झालेली. तिच्याआधी बागायतदारांना दोन वेगळ्या जाती शेजारी लावल्याशिवाय गत्यंतर नव्हतं.

जातीइतकाच खुंट महत्त्वाचा, म्हणजे ज्या मुळाच्या झाडावर कलम बांधतात ते. द्राक्षात डॉगरिज खुंटावर कलम केल्याने वेल कशी बदलते हे तू पाहिलंयस. तिथे गिझेला ५ हा खुंट मागायला सांग. तो गीसेनच्या विद्यापीठात तयार झाला, नावही त्या गावावरूनच. रानचेरीच्या खुंटावर झाड दहा मीटरच्याही वर जातं, फळं पक्षीच खातात. गिझेलावर ते त्याच्या निम्म्याहून कमी राहतं आणि लवकर फळायला लागतं. मुळं मात्र उथळ, म्हणून कायमचा आधाराचा खांब आणि उन्हाळ्यात नियमित पाणी. नोव्हेंबरात लावावं, कलमाचा जोड मातीच्या चांगला वर ठेवावा.

छाटणीच्या बाबतीत तिला बजाव. हिवाळ्यात कात्री लावायची नाही. ओल्या थंडीत जखमेतून जिवाणूंचा कॅन्कर (खोडाला जखमा पाडणारा रोग) आणि सिल्व्हर लीफ हा बुरशीचा रोग शिरतो. फळं काढून झाल्यावर, कोरड्या दिवशी छाटायचं. फळं देठासकट खुडायची, आणि खुडताना ती आखूड फळकाडी मोडायची नाही, पुढच्या वर्षीचं फळ तिच्यावरच आहे. पूर्ण रंग भरल्याशिवाय तोडूही नये, कारण चेरी तोडल्यावर घरात पिकत नाही. पिकायच्या वेळी पाऊस आला तर फळ सालीतून पाणी शोषतं आणि फुटतं. अवकाळीत आपले द्राक्षमणी तडकतात तेव्हा जीव कसा होतो, ते तुला सांगायला नको. तिथे मोठ्या बागांवर प्लास्टिकचं छप्पर घालतात. घरच्या झाडाला जाळी पुरे, स्टार्लिंग पक्ष्यांसाठी. आपल्या साळुंकीच्याच कुळातले ते, आणि तितकेच धीट.

आता मखमलाबाद. नातीला शाळेची सुट्टी जुलै-ऑगस्टात. म्हणजे करवंदं आणि फालसा तिच्या येण्याआधीच संपतात. करवंद तरी कुंपणाला लावूच, मे महिन्यात तुला आणि वहिनींना होईल. (बेकरीच्या केकवरची लालभडक चेरी बहुतेक वेळा पाकात मुरवलेलं करवंदच असतं, हे तिला नक्की सांग, तिला गंमत वाटेल.) तिच्यासाठी खरी निवड बार्बाडोस चेरी. त्या झाडाला थंडी लागत नाही. पावसाने फुलांचा बहर येतो आणि तीन-चार आठवड्यांत फळ लाल होतं, म्हणजे बरोबर ती इथे असताना. झाड माणसाच्या उंचीच्या थोडं वर, पोराच्या हाताला फांद्या लागतात. फळ आंबटगोड, रसाळ, जीवनसत्त्व क भरपूर. गोड चेरीची चव त्यात नाही, ते तिला आधीच सांगू. पिकलेलं फळ टिकतही नाही, झाडाखालीच खायचं.

रोप गुटी कलमाचं घेऊ. दोन बाय दोन बाय दोन फुटांचे दोन खड्डे, तळाला मुरूम, त्यावर माती, शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड. भोवती माती चढवून गादी करू, म्हणजे काळ्या जमिनीतलं पाणी मुळाशी थांबणार नाही. आतापासून उन्हात तापले तर जूनच्या पहिल्या चांगल्या पावसानंतर लावता येतील. तुझा होकार आला की दुसऱ्याच दिवशी गडी लावतो. लेकीला वरचा मजकूर वाचून दाखव, आणि नोव्हेंबरात मिळावं म्हणून तिने झाडाची मागणी आधीच नोंदवून ठेवावी.

वहिनींना नमस्कार, नातीला गोड पापा.

तुझाच,
जुना शेजारी