‘घरीच होतो’ असं अर्जात लिहू नका

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

मी अंबाजोगाईत ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं सेंटर चालवतो, ११ वर्षं झाली, अन नोकरीचे अर्ज बघून बघून एक गोष्ट मनाला फार लागते. खेड्यातली पोरं स्वतःबद्दल काही लिहितच नाहीत. बायोडाटा म्हणजे बापाचं नाव, जात, अविवाहित, छंद क्रिकेट, अन खाली ‘वरील माहिती खरी आहे’. झालं.

मागच्या महिन्यात आयटीआय इलेक्ट्रिशियन झालेला एक पोरगा आला, वाळूजच्या एमआयडीसीत मेंटेनन्सच्या जागेसाठी अर्ज करायचा होता. अनुभव काय विचारलं तर म्हणे काही नाही सर, घरीच होतो. चहा मागवला अन बोलतं केलं, तर हा सातवीपासून बापासोबत गव्हाला पाणी द्यायला जायचा, लाईटची पाळी रात्रीची असली की दोन वाजता बॅटरी घेऊन निघायचं, मोटार चालू होईना की आधी फ्यूज बघायचा, मग टेस्टर लावून तिन्ही फेज, मग केबल. बारावीत असताना बाप गावाला गेलेला, तर जळालेली ५ एचपीची मोटार यानेच चुलत्याला घेऊन विहिरीतून काढली अन रिवाइंडिंगला नेली. याला घरी बसणं म्हणायचं का? आम्ही तेच अर्जाच्या पहिल्या चार ओळीत घातलं, कोणती मोटार, किती वर्षं, बिघाड काय अन कसा सापडला. ‘मेहनती व प्रामाणिक’ काढून टाकलं, ते तर सगळेच लिहितात. जाहिरातीत नाईट शिफ्ट होती, म्हणून रात्रीचं पाणीही लिहिलं.

माझ्या बहिणीची लेकरं पुण्यात असतात. मोठा आठवीत आहे पण एकटा रस्ता ओलांडून दूध आणायला गेलेला नाही, अन ट्रॅफिक बघता बहिणीचंही चुकत नाही. पण त्याच्या प्रत्येक शिबिराचं सर्टिफिकेट फाईलीत लावलेलं आहे. आपल्याकडची पोरं दिवसभर मोकळी, विहिरीत पोहायला शिकली, मोंढ्यात बापाशेजारी उभं राहून आडतीची पट्टी, म्हणजे विकलेल्या मालाचा हिशोब, वाचायला शिकली, त्याचा कागद कुणी दिला नाही.

अर्थात सगळ्यांचं बालपण मोकळं नव्हतं. पोरींना सातवी-आठवीनंतर अंगणाबाहेर सोडत नाहीत. अन दिवाळीच्या आसपास आईबापासोबत ऊसतोडीला गेलेल्या लेकरांची शाळा बुडते, त्याला स्वातंत्र्य म्हणू नये. अशीच एक पोरगी अकाउंटच्या जागेसाठी आली होती. कारखान्याच्या वजनकाट्याच्या पावत्या जपून टनाचा हिशोब अन टोळीच्या मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल किती फिटली हे तीच वहीत लिहायची, मुकादमाची चूक तिने दोनदा दाखवून दिलेली. हे अर्जात लिहायला ती लाजत होती, डोळे भरून आले तिचे.

साहेब, तुमच्या पेपरात नोकरीच्या जाहिराती येतात. त्याच्या शेजारी अर्जाचा एक नमुना छापा, अन तो अशाच एखाद्या पोरीचा छापा. मी कात्रण काढून सेंटरच्या काचेवर चिकटवीन.

आपला एक वाचक,
अंबाजोगाई, जि. बीड