खाण तिकडे, खड्डे आमच्या जंगलात : वनमंत्र्यांना खुले पत्र

माननीय वनमंत्री महोदय,

सविनय नमस्कार. आमच्या ग्रामसभेच्या सामूहिक वनहक्काच्या, म्हणजे अख्ख्या गावाला कायद्याने हक्क मिळालेल्या जंगलात गेल्या आठवड्यात जेसीबी शिरला आणि रांगेने खड्डे खणले गेले. त्यात मोहाची कोवळी झाडं गेली, चारोळी गेली, बांबूची बेटं उखडली. विचारायला गेलो तर 'वनीकरण आहे, वरून आदेश आहे' एवढंच उत्तर. उभ्या जंगलात कसलं वनीकरण, साहेब? मागून कळलं, दूर कुठे तरी खाणीला जंगल दिलंय आणि त्याची भरपाई म्हणून आमच्याकडे साग लावायचाय. कागदावर आमचं जंगल निकृष्ट दाखवलंय. ते ठरवायला इथे कोण आलं होतं?

ज्या पट्ट्याने, म्हणजे हक्काच्या कागदाने, हे जंगल आमच्या स्वाधीन झालं, त्यावर जिल्हाधिकाऱ्यांची सही आहे, उपवनसंरक्षकांचीही आहे. 2006 च्या वनहक्क कायद्याचं कलम 5 जंगल, पाणी आणि वन्यजीव राखण्याचा अधिकार ग्रामसभेला देतं. आम्ही ते राखलं. उन्हाळ्यात वणवा लागला की जेवणाचं ताट सोडून धावलो, पाळीपाळीने रात्री गस्त घातली. त्याचा पगार कुणी दिला नाही आणि आम्हीही मागितला नाही. माझ्या वडिलांवर नांगराच्या लाकडासाठी गुन्हा दाखल झाला होता. तारखांना जाऊन जाऊन त्यांची उमेद गेली, घरातला बैल विकला गेला. ज्या कायद्याच्या प्रास्ताविकात हा ऐतिहासिक अन्याय कबूल केलाय, तोच हातात धरून आम्ही उभे आहोत, आणि आज आमच्याच डोळ्यांदेखत एक यंत्र येऊन मोह उपटून जातं. सागाखाली आमची गुरं काय खातील? आई मोह कुठे वेचेल?

आम्हाला विकास नको, असं कृपा करून सांगू नका. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला 2009 मध्ये सामूहिक हक्क मिळाला आणि 2011 मध्ये बांबू वाहतुकीचा परवाना ग्रामसभेच्या हाती आला. गावाने स्वतः बांबू विकला आणि जंगलही टिकवलं. पैसा आणि जंगल दोन्ही सांभाळता येतं, हे तुमच्याच राज्यात घडलंय. आम्हालाही तेच करायचंय. पण साग वाढून तोडीला येईपर्यंत पाच-सहा दशकं जातात आणि तो तोडणारे आम्ही नसतो. मोह आणि तेंदू दरवर्षी घरात पैसा आणतात.

भरपाई वनीकरण निधीचा कायदा 2016 मध्ये राज्यसभेत आला, तेव्हा त्यात ग्रामसभेच्या संमतीची अट घाला, अशी मागणी झाली होती. नियमांमध्ये त्याची काळजी घेऊ, असं तेव्हाच्या पर्यावरणमंत्र्यांनी सभागृहात सांगितलं. 2018 ला नियम आले आणि संमतीच्या जागी सल्लामसलत आली. आमच्याशी तीही कुणी केली नाही! 2022 च्या वनसंवर्धन नियमांनी तर खाणीसारख्या कामाला जंगल देताना केंद्राच्या मंजुरीआधी ग्रामसभेची संमती घेण्याची अटही काढली. आधी दिल्लीत मंजुरी द्यायची आणि मग गावाला विचारायचं, यात विचारणं उरतं कुठे? ओडिशातल्या नियमगिरीच्या डोंगरावर 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ग्रामसभांना विचारायला लावलं आणि बाराच्या बारा ग्रामसभांनी खाण नाकारली. हे उत्तर ऐकायला लागू नये म्हणूनच हल्ली प्रश्न उशिरा विचारला जातो, अशी माझी पक्की समजूत आहे. जंगल खाणीला जातं, भरपाईचा पैसा सरकारी निधीत जातो, आकडेवारीत झाडं वाढतात आणि जंगलात राहणारा प्रत्येक वेळी अतिक्रमणदार ठरतो. सरकार बदललं तरी हे बदललं नाही.

खड्ड्यांचं काम तातडीने थांबवा. उपटलेल्या झाडांचा पंचनामा ग्रामसभेसमोर करा. कुठल्या खाणीच्या बदल्यात आमच्या जंगलाचा कुठला कक्ष (तुकडा) दिला, त्याचा नकाशा आणि आदेश मराठीत आम्हाला द्या. रोपं लावायचीच असतील, तर कोणती आणि कुठे ते ग्रामसभा सांगेल. तसा ठराव आम्ही केला आहे, प्रत सोबत जोडली आहे. पावसाळ्यात रोपांची गाडी येईल, त्याआधी उत्तर हवं. गाडी आलीच, तर रस्त्यावर अख्खी ग्रामसभा उभी असेल.

आपला,
सामूहिक वनहक्कधारक ग्रामसभेचा एक सदस्य