शरणपूरच्या आफ्रिकी मुलांचा माग दाखवणाऱ्या काकांस

आदरणीय काका,

सा. न. वि. वि.

पुराभिलेखागारातून तुम्ही निवृत्त झालात तेव्हा निरोप समारंभाला मला येता आले नाही, आणि आले असते तरी चार लोकांसमोर आभाराचे बोलू तुम्ही दिले नसतेत. म्हणून हे पत्र लिहिते आहे आणि उघडच लिहिते आहे. नाशिकच्या शरणपुरात राहिलेल्या आफ्रिकी मुलांविषयी आज मला जे काही सांगता येते, त्यातले बरेचसे तुम्ही दाखवलेल्या वाटेने गेल्यामुळे हाती लागले, आणि ती वाट माझ्यामागून येणाऱ्यांनाही ठाऊक असावी असे वाटते.

इतर वाचकांसाठी थोडे सांगते. एकोणिसाव्या शतकात पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून अरबस्तानाकडे आणि इराणी आखाताकडे माणसे विकायला नेणारी गलबते इंग्रजी आरमार पकडत असे आणि सुटका झालेल्यांपैकी पुष्कळांना एडनला किंवा मुंबईला उतरवत असे. मुंबईत त्यांची व्यवस्था पोलीस कमिशनरकडे येई. मोठ्यांना जहाजांवर, गोदीत, घरकामाला लावले जाई आणि मुले मिशनऱ्यांच्या किंवा एखाद्या कुटुंबाच्या हवाली केली जात. चर्च मिशनरी सोसायटीचे विल्यम सॉल्टर प्राइस यांनी १८५०च्या दशकात वसवलेल्या शरणपुरात अशा मुलांसाठी आश्रम चालला, जिथे ती इंग्रजीबरोबर सुतारकाम आणि लोहारकाम शिकली. शरणपूर रोडवरून रोज ये-जा करणाऱ्या बहुतेक नाशिककरांना, त्यात माझ्या घरचेही आले, याचा पत्ता नाही.

तुम्ही पहिल्याच भेटीत सांगितलेत की सूचीत ‘गुलामगिरी’ या मथळ्याखाली तह, कायदे आणि साहेबांची मते मिळतील. माणसे हवी असतील तर ती पोलीस, मरीन (म्हणजे जहाजांचे खाते) आणि एडनच्या पत्रव्यवहारात, आणि त्यातही खर्चाच्या कागदांत शोधावीत. याचे कारणही तुम्ही उलगडून दाखवलेत. १८४३च्या पाचव्या कायद्यानंतर ईस्ट इंडिया कंपनीच्या मुलखातील न्यायालयांनी माणसावरची मालकी मानणे बंद केले, तेव्हा सरकारी भाषेत गुलाम उरलाच नाही. उरला तो सुटका झालेला आफ्रिकी, सिद्दी, किंवा नुसता अनाथ मुलगा, ज्याच्या पोटापाण्याचा खर्च कोणत्या खात्यावर टाकायचा एवढाच प्रश्न होता. त्या प्रश्नावर मात्र कारकुनांनी रिमेच्या रिमे कागद खर्ची घातले आहेत, आणि आपल्या दृष्टीने ते फार बरे झाले.

कागद समोर आला की तो कोणी, कोणाला आणि कशापायी लिहिला हे आधी विचारायचे, ही तुमची शिस्त. पकडलेल्या गलबतावर जितकी माणसे सुटत, तितके बक्षीस नौसैनिकांना मिळे. म्हणून मोजदाद काटेकोर होई, आणि बक्षिसाला नाव लागत नसे म्हणून नाव नोंदले जात नसे. तुम्ही काढून दिलेल्या एका यादीचे पान मला नीट आठवते. पहिल्या रकान्यात अनुक्रम, दुसऱ्यात मुलगा की मुलगी, तिसऱ्यात अंदाजे वय, आणि पहिल्या वयाखाली थेट पानाच्या तळापर्यंत ‘वरीलप्रमाणे’ या अर्थाच्या दोन-दोन तिरक्या रेघा. म्हणजे एकाचे वय ठरवले आणि उरलेल्यांना तेच चिकटवून कारकून मोकळा झाला. तुम्ही बोट ठेवलेत ते शेवटच्या, शेऱ्याच्या रकान्यावर. तिथे एकाच ओळीपुढे कापडाचा खर्च दोनदा पडला होता. या मुलाला दुसऱ्यांदा कपडे शिवले, त्या अर्थी तो काही महिने तरी इथे जिवंत होता, असे तुम्ही म्हणालात. पुस्तकी पद्धतिशास्त्राची प्रकरणेच्या प्रकरणे वाचून मला जे उमगले नव्हते, ते त्या एका शेऱ्याने उमगले.

मुंबईच्या कागदांत आकडा आणि मिशनच्या कागदांत नाव, अशी ही फाळणी आहे. मिशनचे दप्तर आता बर्मिंगहॅम विद्यापीठाच्या कॅडबरी संशोधन ग्रंथालयात आहे, आणि त्यातली नावे बाप्तिस्म्यानंतरची. आफ्रिकेत फिरलेले मिशनरी संशोधक डॉ. डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांनी तिथल्या १८६६च्या सफरीसाठी नाशिकहून जे नऊ तरुण नेले, त्यांत सायमन प्राइस होता आणि रिचर्ड आयझेनबर्गही होता. ही दोन्ही मिशनऱ्यांची आडनावे. अशा आडनावावरून बाप कळत नाही, पण मुलगा कोणाच्या देखरेखीखाली होता याचा अंदाज येतो, आणि तेवढ्यावरून कोणत्या सालचे खंड काढायचे ते ठरवता येते, हेही तुमचेच.

त्या नवांतल्या अब्राहमवर आपण सर्वांत जास्त बोललो. त्याच वर्षी जुलैत, पूर्व आफ्रिकेतल्या याओ जमातीच्या मटाका नावाच्या सरदाराच्या गावी, त्याला त्याचा एक नातेवाईक भेटला. अब्राहमला पकडून नेल्यानंतर त्याची आई आणि दोन बहिणी अरबांना विकल्या गेल्या, ही बातमी त्याला तिथे कळली. त्या नातेवाइकाने राहण्याचा आग्रह केला, लिव्हिंग्स्टननेही केला; जिथे आई नाही, बहीण नाही तिथे मी राहू कसा, एवढेच तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. लिव्हिंग्स्टनच्या रोजनिशीत पुढे तक्रार आहे की या मुलांना साधी शेती शिकवली असती तर बरे झाले असते, कारण मटाकाला आपले बैल कामाला लावायचे होते आणि नाशिकला शिकलेला लोहार तिथे निरुपयोगी होता. लोखंड गाळता येत नसेल तर तो घडवणार काय? मी ही तक्रार उतरवून घेत होते, तेव्हा तुम्ही मला मागच्या ओळींकडे वळवलेत. शेकडो पानांच्या सरकारी आणि मिशनरी दप्तरात यांच्यापैकी एकाने स्वतःच्या तोंडाने दिलेले उत्तर अशा ठिकाणीच सापडते.

नाशिकच्याच मुलांपैकी, पण त्या नवांत नसलेल्या जेकब वेनराइटविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, कारण १८७३ साली लिव्हिंग्स्टनच्या मृत्यूनंतर त्याने प्रार्थना वाचली आणि पुढच्या वर्षी वेस्टमिन्स्टर ॲबीतल्या दफनविधीला तो हजर होता. मोठ्या माणसाच्या शवपेटीजवळ उभा राहिला, म्हणून तो इतिहासाला दिसला. बाकीच्यांपैकी बरेच जण १८७५ साली मोंबासाजवळ सुटका झालेल्यांसाठी वसवलेल्या फ्रिअर टाउनला गेले आणि त्यांचा माग केनियाच्या कागदांत शिरतो.

एका गोष्टीसाठी विशेष ऋणी आहे. हा विषय निघाला की सगळा दोष अरबांच्या आणि पोर्तुगिजांच्या पदरात टाकून मोकळे होण्याची आपल्याकडे रीत आहे. मीही त्या सुरात बोलू लागले, तेव्हा पुण्याच्या पेशवे दप्तरात कुणबिणींच्या, म्हणजे दासींच्या, खरेदी-विक्रीचे कागद आहेत, एवढेच तुम्ही शांतपणे म्हणालात.

आतापर्यंतच्या नोंदींचा तक्ता टपालाने पाठवते आहे. केवळ वय जुळते म्हणून दोन नोंदी एकाच मुलाच्या धरायच्या नाहीत, हे तुमचे बजावणे पाळून ‘खात्रीचे’ आणि ‘संभाव्य’ असे वेगळे रकाने केले आहेत. मुलींच्या ओळी फार रिकाम्या आहेत. लग्नाच्या नोंदीनंतर त्यांचा माग बहुधा नवऱ्याच्या नावाखाली बुडतो. एडनच्या ज्या खंडांचे क्रमांक तुमच्या वहीत टिपलेले आहेत, ते कळवलेत तर दिवाळीनंतर तिथून पुढे वाचायला घेईन. काकूंना नमस्कार सांगावा.

कळावे,
आपली नम्र,
नाशिकची एक अभ्यासक