कान्हदासाचं नाव

चाळीसगाव,
भाद्रपद, रविवार रात्र

प्रिय गोटू,

पाय ठणकताहेत, पण तुला लिहिल्याशिवाय झोप लागायची नाही. आज आम्ही अकरा जण पाटणादेवीहून पितळखोऱ्याच्या लेण्यांना चढून गेलो. शाळेच्या सहलीत देवीचं दर्शन, डबा आणि परत, एवढंच तू-मी पाटण पाहिलं. अठरा किलोमीटरवर राहून वरचा डोंगर पाहायला मला चाळिशी उलटावी लागली, याचं आज फार वाईट वाटलं.

सहाला निघालो. देवळाच्या हेमाडपंती खांबांवर अजून ओल होती. याच पाटणला भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला. शके ११२८ च्या शिलालेखात तशी नोंद आहे. आपण गणितात रडत होतो तेव्हा हे कुणी सांगितलं असतं तर!

मग डोंगरी नदी ओलांडून जंगलात शिरलो. गौताळ्याचं रान सध्या असं भरलंय की साग, अंजन, सालई वेगळे ओळखू येईनात. कडेला तेरडा फुललाय. वाटाड्या म्हातारा होता, पण काठी टेकत आमच्या पुढे. निसरड्या जागी थांबायचा आणि म्हणायचा, “भो, आठे जपीसन पाय ठेवा.” अर्ध्या चढावर माझ्या बुटाचा तळच सुटला. त्याने कमरेची सुतळी काढून असा घट्ट आवळून दिला की घरी येईपर्यंत हलला नाही. पैसे देऊ केले तर हात मागे घेतला.

कान्हेरगडाकडची नागार्जुन कोठडी आणि सीतेची न्हाणी ही लेणी आम्ही पुढच्या खेपेला ठेवली. पितळखोऱ्यात दुपारी पोचलो. दरी एकदम अरुंद होते आणि ओढ्यापलीकडे काळ्या कातळात लेणी दिसतात, इसवीसनाआधीची. पुढचा बराच भाग कोसळलाय, तरी दाराशी भालदार उभे आहेत आणि खाली हत्तींची रांग आहे. मी एका हत्तीजवळ बसलो. शेवाळ बाजूला केल्यावर अंगावरचा साज दिसला. तुमच्या दुकानात अण्णा भिंग लावून जसं बारीक काम करायचे, अगदी तसा. दगड घडवणाऱ्याची ती सवय नव्हेच, असं मनात आलं.

आणि ते खरंही निघालं. आमच्यातल्या इतिहासाच्या सरांनी सांगितलं की इथे उत्खननात एक यक्षाची मूर्ती सापडली, ती आता दिल्लीला राष्ट्रीय संग्रहालयात आहे. तिच्या हातावर ब्राह्मीत कोरलंय, कान्हदास ‘हिरमकारा’ने ही केली. हिरमकार म्हणजे सोनार! गोटू, दोन हजार वर्षांपूर्वी तुमच्यातल्या एकाने आपल्या डोंगरात छिन्नी धरली आणि नाव लिहून ठेवलं. माझ्या अंगावर काटा आला. अण्णांनी चाळीस वर्षं सोन्याच्या पोती घडवल्या, पाटल्या घडवल्या, कुठे कुठे गेल्या असतील त्या. एकीवरही त्यांचं नाव नाही.

ओढ्याकाठी डबे सोडले. कळण्याची भाकरी, ठेचा, कांदा. तुझी आठवण सगळ्यांनी काढली.

आता माझं म्हणणं ऐक. दिवाळीनंतर वाट कोरडी होते, तेव्हा ये. रात्रीची एक गाडी आहे, मी स्टेशनवर असतो. अण्णांना आणच. त्यांना चढावं लागणार नाही. कन्नडचा घाट चढून वरून गाडी जाते, मग पायऱ्या सावकाश उतरू, मी त्यांचा हात धरीन. फक्त त्यांचं ते जुनं भिंग आणायला विसरू नकोस.

तुझा,
बाळू

ता.क. वहिनींना सांग, लाल मिरचीचा ठेचा बायकोने बरणीत भरून ठेवलाय.