उलटे वाचा, पण ह्रस्व-दीर्घ सांभाळून

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत मुलांच्या पानावर ‘भाऊ तळ्यात ऊभा’ हे वाक्य ‘उलटे वाचले तरी तेच’ म्हणून छापले आहे. मी तीस वर्षे मुद्रिते तपासली. ‘ऊभा’ पाहून हात आपोआप लाल पेनकडे गेला. ‘उभा’मधला उ ह्रस्व. तो दुरुस्त केला तर शुद्धलेखन जगते आणि गंमत मरते.

त्याच संध्याकाळी नातवाने एक अमेरिकी गाणे ऐकवले. वियर्ड अल यांकोविक या विडंबनकाराचे, २००३ सालच्या ‘पूडल हॅट’ या अल्बममधले ‘बॉब’. गाण्याची प्रत्येक ओळ उलटसुलट सारखीच, आणि चाल, आवाज, बाज सगळा अमेरिकी गायक-गीतकार बॉब डिलनचा. चित्रफीतही डिलनच्या १९६५ च्या ‘सबटरेनियन होमसिक ब्लूज’ या गाण्याच्या चित्रफितीसारखी कृष्णधवल, हातातले शब्द लिहिलेले एकेक पुठ्ठे खाली टाकत जाणारी. डिलनच्या ओळींचा अर्थ लावताना भल्याभल्यांची दमछाक होते (२०१६ चे साहित्याचे नोबेल मिळाले तरीही), म्हणून त्याच नाकातल्या सुरात ही निरर्थक वाक्ये गायली की तीही गहन वाटू लागतात. मी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो.

मग लक्षात आले, ही करामत कागदावरची आहे. इंग्रजी वाक्य सुट्या वर्णांनी उलटते, उच्चारांनी नाही. ‘मॅडम, आयॅम अ‍ॅडम’ हे रोमन लिपीत चोख बसते. देवनागरीत लिहून उलटे वाचून पाहा, दातखीळ बसेल. खुद्द ‘बॉब’चेही आपल्याकडे ‘बबॉ’ होते! आपण अक्षराने उलटतो. ‘रामाला भाला मारा’, ‘टेप आणा आपटे’, ‘ती होडी जाडी होती’ ही वाक्ये पाटी-पेन्सिल न घेता पाच वर्षांचे पोर तोंडाने उलटी म्हणते. म्हणजे असे गाणे खरे तर मराठीत व्हायला हवे. सोळाव्या शतकात पार्थपूरच्या (हे आजचे पाथरी असे मानतात) सूर्य कवीने संस्कृतात ‘रामकृष्णविलोमकाव्य’ रचले: ओळ सुलट वाचली की रामकथा, तीच उलट वाचली की कृष्णकथा. आमच्या गोदाकाठचा माणूस हा!

मराठीत अडचण एकच, अंत्य इकार-उकार दीर्घ लिहिण्याचा नियम. ‘आणि’सारखे अपवाद सोडले तर वाक्याचा शेवट ह्रस्व इकाराने होतच नाही, म्हणून आरंभ ह्रस्व इकाराने केला की पुढचे सगळे श्रम वाया. ‘चिमा काय कामाची’ तिथेच फसले, ‘शिवाजी लढेल जीवाशी’ही. ‘तो कवी डालडा विकतो’ मध्यावर घसरते, कारण कवीचा वी दीर्घ आणि विकण्याचा वि ह्रस्व. कानाला मात्र यातले काहीच खटकत नाही. उलट ‘हाच तो चहा’ कागदावर निर्दोष, पण दोन्ही ‘च’ म्हणून बघा. एक दंत्य, एक तालव्य. आमच्या घरी यावरून चहा गार झाला.

तेव्हा आपण अशा गाण्याची स्पर्धा घ्यावी, ही विनंती. नियम कागदाचा ठेवायचा की कानाचा, ते आपण ठरवा. मी कागदाच्या बाजूने आहे, हे सांगायला नकोच. नव्या साडीवरच्या माझ्या तीन ओळी:

ती हो, नवीन होती,
ती हो, सरस होती,
ती हो, कडक होती!

कुठेही ह्रस्व-दीर्घाला धक्का नाही, तपासून घ्यावे. ध्रुवपद अजून सुचलेले नाही. पत्नीचे म्हणणे, आधी साडी आणा.

आपला,
एक निवृत्त मुद्रितशोधक, मिरज